पाण्यावरची रेघ

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी सुटते, तेव्हा प्रवाशांचे डोळे समोरच्या तटाकडे लागलेले असतात. कोणी फोटो काढतो, कोणी मुलाचा हात घट्ट धरतो. धक्का सुटून पन्नासेक मीटर अंतर कापले, की आपण महाराष्ट्राच्या एकमेव सागरी अभयारण्याच्या गाभ्यात शिरतो. होडीतल्या कोणालाही ते कळत नाही, कारण तिथे फलक नाही, कुंपण नाही, चौकी नाही. पाण्याचा रंगही तोच असतो.

मला तरी कुठे ठाऊक होते? माझा जन्म इथून चार कोसांवरचा. आजोबा रापणीचे. मी मात्र लाकडाच्या वखारीत हिशेब लिहीत पोट भरले आणि उरलेल्या वेळात जुने कागद वाचले. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. वयाच्या पस्तिशीत एका जुन्या राजपत्राचे पान हाती आले, तेव्हा कळले की आजोबांनी जिथे जन्म काढला त्या पाण्याला १३ एप्रिल १९८७ पासून सरकारदरबारी दुसरेच नाव आहे : मालवण सागरी अभयारण्य. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा आणि बाकीचा २५.९४ चौरस किलोमीटर भोवतालचा पट्टा.

उत्साहाच्या भरात मी एका स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिले. अभयारण्य जाहीर होऊन इतकी वर्षे झाली, तरी गाभ्यात जाळी पडतात, नांगर टाकले जातात. कायद्याची कडक अंमलबजावणी झालीच पाहिजे, असा त्या पत्राचा सूर होता. पत्र छापून आले. आठ दिवसांनी वडिलांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळी वाडी तात्या म्हणे, ते ओसरीवर येऊन बसले. पत्राचे कात्रण त्यांच्या बंडीच्या खिशात होते.

"ह्या तू लिवलंस?"

"होय, तात्यानू."

"मगे माका एक सांग. ती रेघ खंय आसा?"

मला उत्तर देता आले नाही. पुढची वीस वर्षे मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहे. हा लेख म्हणजे त्या शोधाचा गोषवारा.

१

आधी, रेघ नव्हती तेव्हा काय होते ते पाहू.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. बांगडा, तारली, पेडवे, जे काय येईल ते सगळ्यांचे. जाळे एकाचे नसे, संघाचे असे. मिळालेल्या मासळीचे वाटे पडत. आजोबा वारल्यावरही आमच्या आजीकडे काही वर्षे वाटा येत राहिला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ओढायला हात लावला नाही तरी ते घर रापणीचेच होते.

या व्यवस्थेला नियम होते. आज कोणाची पाळी, कोणी कुठे जाळे सोडायचे, एकाची रापण पाण्यात असताना दुसऱ्याने मध्ये जायचे नाही. मोडणाऱ्याला वाडीत जाब द्यावा लागे. लिहिलेला कागद नव्हता, पण नियम मोडला की दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचे त्याच किनाऱ्यावर आणि त्याच माणसांना. यातही अन्याय होता. मोठ्या घराचा शब्द मोठा असे, बाईचा शब्द तर हिशेबातच नसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे, की नियम करणारा, पाळणारा आणि राखणारा हे तिघे एकाच वाळूवर उभे होते.

दुसरा पहारेकरी खुद्द समुद्र. मृग लागला की दर्या खवळे, होड्या शाकारून ठेवल्या जात आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच त्या पुन्हा पाण्यात लोटल्या जात. हाच मासळीच्या विणीचा काळ. वल्हे आणि शीड यांच्या बळावर त्या दिवसांत बाहेर जाणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. त्यामुळे बंदी घालायला कोणी अधिकारी लागत नव्हता.

२

समुद्राबाबतचा छापील कायदा आला तो इंग्रजांच्या अमदानीत. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास मनाई केली. किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे तीन सागरी मैलांपर्यंतचा समुद्र सुरुंगबंदीच्या कलमात 'पाणी' या शब्दात धरला होता. सुरुंग लावणाऱ्याला शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड.

या कायद्यातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. समुद्रात घडलेला गुन्हा हा लगतच्या जमिनीवर घडला आहे असे समजून चालवावा, अशा अर्थाची तरतूद त्यात आहे. कायद्याच्या दृष्टीने ती सोय होती. खटला कुठे चालवायचा हे ठरायला हवेच. पण पुढे शंभर वर्षे समुद्राकडे जमिनीच्या डोळ्यांनीच पाहिले गेले, त्याची सुरुवात मला त्या वाक्यात दिसते.

मग इंजिन आले. १९६० नंतर कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला आणि तळ खरवडणारे ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर पसरले. त्यांना रापणीसारखी पाळी नव्हती आणि पावसाळ्याची भीतीही पूर्वीइतकी उरली नव्हती. समुद्र हा पहारेकरी इंजिनापुढे हतबल झाला. गोव्यात १९७० च्या दशकात रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. माथानी साल्ढाणा हे त्यातले ठळक नाव. केरळातही असाच उद्रेक झाला. कोकणातल्या पारंपरिक मच्छीमारांचे ट्रॉलरवाल्यांशी खटके उडत होतेच. या रेट्यातून गोव्याचा आणि केरळचा कायदा १९८० साली आला आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ साली.

त्या कायद्याखाली ट्रॉलरला किनाऱ्याजवळ येण्यास बंदी झाली आणि बंदीची हद्द ठरवताना पाण्याची खोली धरली गेली. मच्छीमार खोली वावात मोजतो. दोन्ही हात पसरले की एक वाव. दहा वावांच्या आत ट्रॉलर आला, हे सांगायला मालवणच्या म्हाताऱ्याला यंत्र लागत नाही. दोर सोडला की कळते. ती हद्द मच्छीमारांनी मागून घेतलेली होती आणि त्यांच्याच मापाची होती. म्हणूनच ती मोडली गेली की लोक आजही पेटून उठतात. याउलट अभयारण्याच्या हद्दीबद्दल तात्या विचारत होते, ती रेघ खंय आसा?

३

आता १९८७ कडे येऊ. कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यान, अंदमानातले वंडूरचे उद्यान आणि मन्नारचे आखात यांना त्याआधीच्या सात-आठ वर्षांत संरक्षण मिळाले होते. मालवणचे पाणीही त्या तोडीचे आहे, असे समुद्रशास्त्रज्ञांचे मत होते. किल्ल्याभोवतीचे खडक, पद्मगड, पाण्याखालच्या कपारी, तिथली प्रवाळे, शेवाळी, शिंपले आणि माशांची पिल्ले यांच्या नोंदी झाल्या होत्या. शास्त्रज्ञांचे म्हणणे चूक नव्हते. तळावरचे खडक हे पिल्लांचे पाळणाघर असते. ते उद्ध्वस्त झाले तर रापणीतही काही येणार नाही. हे तात्यांनाही मान्य होते. किंबहुना कुठल्या खडकाला जाळे लावू नये हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

चूक झाली ती पुढे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मुळात जंगल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला. अभयारण्य करताना जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करायची, असे तो सांगतो. पण कुठले हक्क? 'जमिनीतील किंवा जमिनीवरील' हक्क. समुद्राला सातबारा नाही. आजोबांच्या रापणीची पाळी कुठल्या उताऱ्यावर चढणार? चार पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क दाखवायला कागदाचा चिटोरा नसेल, तर चौकशी करणाऱ्याच्या लेखी तो हक्कच नसतो.

ही त्रुटी संसदेच्याही ध्यानात आली. १९९१ च्या दुरुस्तीने '२६ अ' हे कलम कायद्यात घातले. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर केंद्राची पूर्वसंमती घ्यावी, हद्द नौदलाच्या प्रमुख जलालेखकांशी विचारविनिमय करून ठरवावी आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणासाठी पुरेशी पावले उचलल्यावरच ती ठरवावी, असे ते कलम सांगते. हे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा तारखांकडे पुन्हा पाहिले. मालवणची रेघ १९८७ ची आहे. मच्छीमाराची आठवण कायद्याला चार वर्षांनी झाली.

त्यामुळे मालवणात जो विरोध झाला आणि वर्षानुवर्षे टिकला, त्याला 'पर्यावरणविरोधी' म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. ट्रॉलरविरुद्ध कायदा मागणारे आणि अभयारण्याला विरोध करणारे लोक एकच होते. त्यांना नियम नको होते असे नाही. ज्या नियमाखाली आपण गुन्हेगार ठरू तो आपल्याला न विचारता केला गेला, याचा तो राग होता.

४

पत्रानंतर काही महिन्यांनी मी हद्दीचा नकाशा मागायला एका कार्यालयात गेलो. मला दुसऱ्या कार्यालयात पाठवले गेले. तिथून तिसऱ्या. तीन फेऱ्यांनंतर एका भल्या कारकुनाने मला जो कागद दाखवला, त्यावर अक्षांश-रेखांश होते. तो मी टिपून घेतला आणि तात्यांबरोबर होडीतून निघालो. मी कागद वाचायचो, तात्या दोर सोडून खोली सांगायचे. मालवणच्या खडकापाशी पोहोचल्यावर ते म्हणाले, "पाण्यात कोण रेघ मारता रे?" आणि हसले. त्या दिवशी मला अंमलबजावणी या शब्दाचा पहिला अर्थ कळला : जी हद्द दिसत नाही ती पाळता येत नाही, आणि मोडल्याचे सिद्धही करता येत नाही.

दुसरा अर्थ कळायला वेळ लागला. समुद्रावर एकाचे राज्य नाही. अभयारण्य वनखात्याचे. मासेमारीचा परवाना आणि गस्त मत्स्यव्यवसाय खात्याची. किनाऱ्याची सुरक्षा सागरी पोलिसांची. वनरक्षकाचे सगळे शिक्षण डोंगरातले. त्याला पाण्यात उतरवायचे तर होडी हवी, इंधन हवे आणि लाटेत उभे राहण्याची सवय हवी. मत्स्यखात्याची गस्ती नौका अनेकदा भाड्याची आणि समोरचा परप्रांतीय ट्रॉलर तिच्यापेक्षा वेगवान. रात्री हजारो दिव्यांचा झगमगाट करून मासळी खेचणाऱ्या नौकांपुढे तर ती अगदीच केविलवाणी.

पकडलेच, तर पुढे काय? २०२१ पर्यंत मासेमारी कायद्याखालचा खटला तहसीलदारापुढे चाले. जमीनमहसूल, दाखले, निवडणुका यांच्या गराड्यातल्या माणसाने समुद्रातल्या जाळ्याचा निवाडा करायचा. दंड मासळीच्या किमतीच्या पटीत. म्हणजे त्या रात्री जाळ्यात थोडेच असेल तर दंडही थोडाच. लाखोंची नौका घेऊन येणाऱ्याला तो धंद्यातला किरकोळ खर्च वाटला तर नवल नाही. २०२१ च्या सुधारणेने निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आला आणि दंड ठरावीक व जबर झाले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत. त्याआधी ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले होते आणि २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली होती. कायद्याचे दात वाढले, हे खरे. पण चावायला जाणारी होडी पोहोचली पाहिजे ना!

तिसरा अर्थ सगळ्यांत कडू आहे. गाभ्यात जाळे टाकायला बंदी म्हणून जो पट्टा राखला, त्याच खडकांवर नंतर पर्यटन फोफावले. पाण्याखालचे जग दाखवणाऱ्या होड्या रांगेने उभ्या राहू लागल्या. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्याला. पण त्याच्यावर नांगर पडला किंवा हौशी माणसाचा पाय पडला, तर साक्षीदार कोण? होडीवाला तर आमच्याच वाडीतला मुलगा. रापण मोडल्यावर त्याला दुसरा धंदा कुठे आहे? तात्यांच्या नातवाने दोन हंगाम हेच काम केले. मी त्याला नांगराबद्दल बोललो तेव्हा तो म्हणाला, "काका, बोया बांधून द्या, मी नांगर कित्याक टाकू?" या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

५

मग नियम पाळले जातात ते कुठे? याचा शोध घेताना मला आमच्याच किनाऱ्यावर तीन उदाहरणे सापडली.

पहिले वेळासचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी खणून नेली जात. तीच घरटी आता गावचीच माणसे राखतात आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारे पाहुणे गावच्याच घरांत उतरतात. कासवाच्या अंड्यांना हात लावणे हा गुन्हा आधीपासूनच होता. गावातला पहारेकरी मात्र पुष्कळ वर्षांनी मिळाला.

दुसरे उदाहरण जाळ्याचे. देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, २००१ मध्ये संरक्षित झाली. तिला मारले तर तुरुंग. पण ती स्वतःच जाळ्यात शिरली तर? सोडवायची तर जाळे कापावे लागते आणि जाळे म्हणजे मच्छीमाराचे भांडवल. २०१८ च्या अखेरीस राज्याने योजना काढली : संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. कायद्याने पहिल्यांदाच कबूल केले, की निसर्ग राखण्याचा खर्च असतो आणि तो एकट्या गरिबाने सोसायचा नाही.

तिसरे वेंगुर्ल्याचे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने जैवविविधतेचा जो प्रकल्प राबवला गेला, त्या काळात मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायकांनी कांदळवनाची सफर सुरू केली. वल्हे त्यांच्याच हातात. ज्या खाडीवर घर चालते तिथली झाडे तोडू देईल कोण? रापणीच्या हिशेबात ज्या बायकांचा शब्द नव्हता, त्या इथे राखणदार झाल्या.

ही तिन्ही उदाहरणे लहान आहेत. मोठ्या ट्रॉलरला बचत गट अडवू शकत नाही. तिथे सरकारची वेगवान नौका आणि जबर दंडच हवा. पण लहान माणसाशी वागताना कायद्याने आधी विचारावे आणि मग सांगावे, एवढे ती दाखवतात.

६

जुने कागद वाचणाऱ्याला शेवटी जुनाच कागद आठवतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमारावर एक प्रकरण आहे. जहाजांना लाकूड लागणार, ते कुठून आणायचे याचा विचार त्यात आहे. आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड हवे असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन न्यावे, असा त्याचा आशय. राज्याची गरज निकडीची होती, समोर शत्रू होता. तरी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्याला धन्याची संमती आणि मोबदला या दोन गोष्टी विसराव्याशा वाटल्या नाहीत. त्या आज्ञेचे पालन सर्वत्र झाले असेल असे मी म्हणत नाही. आज्ञा काढावी लागली याचाच अर्थ मोडणारे होते. पण तिच्यातला क्रम बरोबर होता. १९८७ मध्ये तो उलटा झाला.

आता काय करता येईल? माझ्यासारख्याने सल्ला देणे शोभत नाही, पण वीस वर्षांच्या शोधाअंती चार गोष्टी तरी सांगाव्याशा वाटतात. रेघ दिसली पाहिजे; गाभ्याच्या कडेला बोये लागले पाहिजेत आणि होड्या बांधायला कायमच्या जागा हव्यात, म्हणजे नांगर टाकावे लागणार नाहीत. हद्द पुन्हा तपासताना १९९१ च्या कलमाचे स्मरण ठेवून मच्छीमारांना समोर बसवले पाहिजे, आणि त्यांच्या पाळीची व वाट्याची तोंडी साक्ष पुरावा म्हणून लिहून घेतली पाहिजे. तीन खात्यांऐवजी समुद्रावर एकाच खात्याचा हुकूम चालला पाहिजे. आणि पहारेकरी गावचा असला पाहिजे, पगारी असला पाहिजे.

मी ते पत्र लिहिले याची आज मला पूर्ण लाज वाटत नाही. खडक खरोखरच मोडत होते. लाज वाटते ती एवढ्याचीच, की पत्र लिहिण्याआधी मी तात्यांच्या ओसरीवर गेलो नाही. तात्यांना माझ्या ओसरीवर यावे लागले.

तात्या आता नाहीत. त्यांचा नातू पुन्हा मासेमारीकडे वळला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जाळ्यात मोठे कासव अडकले. त्याने मोबाइलवर चित्रण केले, कोयतीने जाळे कापले, कासव सोडले आणि घरी येऊन अर्ज भरायला मला बोलावले. 'घटनास्थळ' या रकान्यात काय लिहायचे, असे मी विचारले. त्याने मोबाइलमधले अक्षांश-रेखांश वाचून दाखवले आणि वर म्हणाला, "आणि लिवा, बारा वाव."

मी दोन्ही लिहिले.